हिच्या गोळ्या आणि घराचं घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पत्नी ६९ वर्षांची आहे. नऊ वर्षांपासून तिला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. मधुमेह त्याच्याही आधीपासूनचा. मी ७४ चा. अक्कलकोट रोडला चादरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षं हिशेब लिहिले. मुलगी पुण्यात असते, सोलापुरात आम्ही दोघंच. सकाळी फिरताना, औषधाच्या दुकानात, लग्नाकार्यात लोक थांबवून विचारतात. बहुतेकांच्या घरी असंच कुणीतरी असतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कुठली गोळी किती द्यायची हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. ती घरात नीट कशी पार पाडायची, एवढंच मी सांगू शकतो.

दिवसाला किती गोळ्या? सगळ्या लक्षात कशा राहतात?

अकरा. लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहितो. कारखान्यात रोजकीर्द लिहायचो तशीच एक दोनशेपानी वही केली आहे. गोळी गिळून झाली की त्याच क्षणी खूण. 'नंतर लिहू' म्हटलं की ती खूण राहिलीच म्हणून समजा.

शिवाय आठवड्याचा खणांचा डबा आहे, दिवसाला चार खण असलेला. रविवारी दुपारी आम्ही दोघं बसून तो भरतो. ही यादीवरून नाव वाचते, मी पाकिटातून गोळी काढतो, ही खण दाखवते. पहिली दोन वर्षं मी एकटाच भरायचो. तिच्या बोटांना वेळ लागायचा आणि मला धीर नव्हता. एका रविवारी ती म्हणाली, "अहो, हात थरथरतो माझा, डोकं नाही थरथरत." तेव्हापासून वाचायचं काम तिचं. त्यानंतर दोनदा तिनंच माझी चूक पकडली. एकदा मी रक्तदाबाची गोळी सकाळी आणि रात्री अशा दोन्ही खणांत टाकली होती.

गोळी तिची आहे, शरीर तिचं आहे. आपण फक्त हाताशी आहोत. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे पुन्हा येईल, कारण माझ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच झाल्या आहेत.

गोळी दिली की नाही हेच आठवत नसेल तर?

आधी खण बघा, मग वही बघा. तरी शंका राहिली तर परत देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी गोळी दोनदा गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि चुकलेली गोळी पुढच्या वेळेला जोडून दुप्पट कधीच द्यायची नाही.

पार्किन्सन्सच्या गोळीला वेळेचं एवढं काय असतं? अर्धा तास इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं?

बिघडतं. लेवोडोपा आणि कार्बिडोपा ही यातली मुख्य गोळी. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं, आणि लेवोडोपाचं मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं. सुरुवातीच्या वर्षांत थोडा उशीर चालून जातो. आजार जुना झाला की गोळीचा असर काही तासच टिकतो, आणि पुढची गोळी वेळेवर गेली नाही तर माणूस चालता चालता थांबतो. हिच्या वेळा सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. पाणी आलं पावणेतीनला. मोटर लावली, टाकी भरली, पिंपं भरली, शेजारच्यांची पाइप लावून दिली. वर बघतो तर सव्वाचार. ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. एक पाय पुढे टाकायचाय आणि तो उचलत नाही, जणू फरशीला चिकटलाय. हाक मारावी तर आवाजही बसलेला. किती वेळ तशी उभी होती तेही तिला सांगता येईना.

आता गजराचं घड्याळ मोटरच्या बटणाशेजारी ठेवतो. आणि तिच्या गळ्यात दोरीला एक शिट्टी आहे.

पाय असे चिकटले की काय करायचं? ओढून न्यायचं का?

ओढायचं नाही, पडतात. शेजारी उभं राहायचं आणि कवायतीसारखं "एक-दोन, एक-दोन" म्हणायचं. किंवा आपला पाय तिच्या पायापुढे आडवा ठेवून "हा ओलांड" म्हणायचं. सपाट जमिनीवर अडलेला पाय आडवी रेघ ओलांडायला मात्र उचलतो. आम्ही पलंगापासून न्हाणीपर्यंत फरशीवर हातभर अंतरानं पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. पाहुणे विचारतात कसल्या. मी सांगतो, हिचा रस्ता आहे.

गोळी जेवणाआधी की नंतर?

प्रत्येक गोळीचं वेगळं. लेवोडोपा जेवणाआधी अर्धा ते एक तास, कारण डाळी, दूध, दही, अंडी यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात आणि गोळी नीट शोषली जात नाही. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर, नाहीतर पोट बिघडतं. थायरॉइडची गोळी असेल तर उठल्याबरोबर उपाशीपोटी, चहा किमान अर्ध्या तासानं. रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी असेल तर ती आणि लेवोडोपा यांत दोन तास तरी जाऊ द्या.

'जेवणाआधी' लिहिलेलं असलं तरी किती आधी, हे डॉक्टरांकडून वदवून घ्या. आणि गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतील तर ती कुटून, चुरून देऊ नका. ती पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

मग डाळ, दूध बंद केलं का? कडक भाकरी, शेंगाचटणी?

काही बंद केलं नाही. आधीच वजन घटतं या आजारात, प्रथिनं तोडली तर माणूस आणखी खंगतो. डॉक्टरांना विचारून वेळा हलवल्या इतकंच. डाळीचा मोठा वाटा रात्री ८ च्या जेवणात.

कडक भाकरीचं मात्र मनाला लागलं होतं. हिला लहानपणापासून पापडासारखी कुडकुडीत बाजरीची भाकरी लागते, आणि आता गिळायला त्रास होतो. कोरडा तुकडा घशात अडकतो, आणि कुटलेल्या शेंगाचटणीच्या भुग्यानं ठसका लागतो. वर्षभर मी ती घरात आणलीच नाही. मग तिनंच उपाय काढला. भाकरीचे बोटाएवढे तुकडे आमटीत टाकायचे आणि ती नरम होऊन आमटी पिऊन घेईपर्यंत थांबायचं. चटणी जास्त तेलात कालवायची, म्हणजे भुगा उडत नाही. खाताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एकच घास, आणि घास गिळेपर्यंत मी बोलायचं नाही. जेवायला पाऊण तास लागतो. लागू दे.

वारंवार ठसका, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणं किंवा कारण नसताना ताप येणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, उपवास करू द्यावा का?

हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. श्रावणातला सोमवार होता. मी रोजच्या सवयीनं सकाळी साखरेची ग्लिमेपिराइड दिली. उपवास आहे हे मला ठाऊक होतं, पण साबुदाणा होईलच तासाभरात, असं धरून चाललो. तेवढ्यात फोन आला, मग कुणीतरी दारात आलं, साबुदाणा राहिला. साडेदहाला बघतो तर हिला दरदरून घाम, बोलणं अडखळत, नजर लागत नाही. घाम आणि अडखळणं तर पार्किन्सन्समध्येही असतं, म्हणून मी पंखा लावून दिला. दहा मिनिटं मी पंखाच लावत बसलो. मग मशीन आठवलं. साखर ५४.

साखर ७० च्या खाली म्हणजे धोका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या, साखर वर आली की पोळी-भात काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ लावा.

आता उपवासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारतो. ती देवाला हात जोडते आणि वेळेवर नाश्ता करते. तिची श्रद्धा कमी झाली असं मला कुठंच दिसत नाही.

सोलापूरच्या उन्हात औषधं कुठं ठेवायची?

बहुतेक पाकिटांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. गॅसजवळची फळी, टीव्हीच्या वरची जागा, पत्र्याखालची खोली, गाडीची डिकी, हे सगळं वर्ज्य. घरात सगळ्यात गार कोपरा शोधा. आमच्याकडे तो देवघराखालचा कप्पा आहे. न्हाणीजवळ ओल असते, तिथंही नको. गोळ्या फ्रीजमध्ये टाकायची गरज नसते, सांगितलं असेल तरच.

इन्सुलिनचं वेगळं. न उघडलेलं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याला कधीही लावायचं नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. माझ्या मेहुण्यांच्या गावी वीज तासन् तास जाते. ते मातीच्या मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात छोटं मडकं बसवतात आणि इन्सुलिन घट्ट पिशवीत घालून त्यात ठेवतात. फ्रीजइतकं नाही, पण चांगलंच गार राहतं.

पाकीट कापून चार-चार गोळ्या आणल्या तर चालतं का?

दुकानदाराला सांगा, नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग माझ्याकडे राहील असं कापा. घरीही गोळ्या उलट्या टोकाकडून काढत या. बिननावाची पांढरी गोळी घरात सापडली की ती कुणाच्याही उपयोगाची नाही.

जनऔषधीची स्वस्त औषधं घेता का?

घेतो. साखरेची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची तिथूनच, आणि महिन्याच्या खर्चात मोठा फरक पडतो. डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे सोपं जातं. पार्किन्सन्सच्या गोळीची कंपनी मात्र मी आपल्या मनानं बदलत नाही. बदलायची झालीच तर डॉक्टरांना सांगून, आणि दोन आठवडे वहीत रोजची हालचाल लिहून.

७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान कार्डातून गोळ्या मिळतात का?

घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. तरी आधार घेऊन कार्ड आजच काढून ठेवा. भरतीच्या रात्री कागदासाठी पळावं लागू नये.

इतर डॉक्टरांकडे जाताना काय सोबत नेता?

घरातली सगळी औषधं एका कापडी पिशवीत. काढा, चूर्ण, गुडघ्याला लावायचं तेल, कुणी दिलेली झोपेची गोळी, सगळं. 'आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होतंय' म्हणून लपवू नका.

आणि एक कार्ड. हिच्या पर्समध्ये आणि माझ्या पाकिटात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आहे. वर तिचे आजार, खाली औषधं आणि वेळा, आणि तळाला लाल शाईनं 'मेटोक्लोप्रामाइड देऊ नये'. चार वर्षांपूर्वी हिला उलट्या झाल्या, रात्रीची वेळ, एका दवाखान्यात नेलं. तिथं उलटी थांबवायला हेच औषध इंजेक्शननं दिलं. पार्किन्सन्स आहे हे मी सांगितलं होतं, पण घाईत कुणी थांबून ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ही लाकडासारखी ताठ. कूस बदलता येईना, डोळ्यांतून नुसतं पाणी. हे औषध डोपामिनचंच काम अडवतं, म्हणून या रुग्णांना चालत नाही. चार दिवसांनी ही हळूहळू सुटली. तेव्हापासून मी तोंडी सांगत नाही, कार्ड हातात देतो आणि वाचून होईपर्यंत समोर उभा राहतो.

रुग्णालयात भरती असतानाही तेच. वॉर्डातल्या गोळ्या वॉर्डाच्या फेरीच्या वेळेला येतात. सिस्टरला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगा की ही गोळी ११ वाजताच लागते. बहुतेक जणी समजून घेतात.

गोळी घ्यायला नकार दिला तर? शिऱ्यात मिसळून द्यावी का?

नाही. एकदा कळलं की ती तुमच्या हातचा शिराही खाणार नाही. नकार का, ते विचारा. ही दुपारी ३ ची गोळी तोंडात धरून मोरीत थुंकायची. मी चिडलो, आवाज चढवला. दोन दिवसांनी शांतपणे विचारलं तर म्हणाली, रिकाम्या पोटी ती गोळी घेतली की मळमळतं. डॉक्टरांनी सोबत दोन मारी बिस्किटं द्यायला सांगितली. प्रश्न संपला.

संध्याकाळी नसलेली माणसं दिसतात. काय करावं?

हिला अंगणात मुलं खेळताना दिसतात. "नाहीत गं कोणी" असा वाद घालत बसू नका. मी दिवा लावतो, तिचा हात धरतो, म्हणतो, "मला दिसत नाहीत, पण तू घाबरू नकोस, मी आहे." आणि डॉक्टरांना सांगतो, कारण हे आजारानंही होतं, गोळ्यांनीही होतं, लघवीच्या जंतुसंसर्गानंही होतं. अचानक सुरू झालं असेल तर त्याच दिवशी कळवा. आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. लेवोडोपा एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

रात्री काय अडचण येते?

कूस बदलणं. जन्मभर आमच्या अंगावर सोलापुरी चादर. जाड, उबदार, वर्षानुवर्षं टिकणारी. तिचे गठ्ठे मोजून मी संसार केला. पण त्या चादरीखाली हिला रात्री वळताच यायचं नाही. वजनानं अंग दाबलं जायचं, आणि खरखरीत विणीत गाऊन अडकायचा. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं, खाली गुळगुळीत कापड घाला, वर हलकं घ्या. मी ऐकलं नाही, चांगले दोन महिने. मग एका पहाटे ती एकाच कुशीवर रात्रभर पडून राहिलेली, खांदा लाल झालेला दिसला. त्याच दिवशी तिच्या जुन्या रेशमी साडीचा पदर कापून कमरेखालच्या भागात गादीवर शिवून टाकला. आता ती स्वतः वळते. आमची चादर घडी घालून पायथ्याशी असते.

उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसवा. या आजारात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनीही उभं राहिल्यावर रक्तदाब झपकन उतरतो. न्हाणीच्या भिंतीला दांडी आणि रात्रभर एक मंद दिवा, हे दोन खर्च मागे ठेवू नका.

बाहेर नेता का? गड्ड्याच्या जत्रेला?

नेतो, गोळीचा तास साधून. गोळी दिल्यावर साधारण तासाभरानं तिचं चालणं सगळ्यात मोकळं असतं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा गर्दीत शिरत नाही. नात्यातल्यांच्या घराच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसतो. गोळी आणि पाण्याची बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात. यंदा नंदीध्वज समोरून गेला तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले, आणि तेवढा वेळ हात थरथरले नाहीत.

राग येतो का?

येतो. रात्री तिसऱ्यांदा उठावं लागलं की येतो. एकदा मी पेला आपटला होता, तो आवाज अजून कानात आहे. आता फार झालं की सकाळी मुलीला फोन करून मोकळेपणानं सांगतो. आठवड्यातून दोन दुपारी एक बाई येतात, तेव्हा मी कंबर तलावावर तासभर बसून येतो. ज्यांना घरात बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मनावर ताण असेल तर १४४१६.

तुम्हीच आजारी पडलात तर?

गेल्या दिवाळीनंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगी चार दिवस राहून गेली, पाचव्या दिवसापासून आम्ही दोघंच. एका डोळ्याला झाकण, दुसऱ्याला धूसर. रविवार आला, डबा भरायचा होता, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं मला दिसेनात. ही पलंगावर बसली, पाकीट डोळ्यांजवळ धरून एकेक नाव मोठ्यानं वाचलं, तारीख वाचली. मी बोटांनी चाचपून गोळ्या काढल्या. पाऊण तासाचं काम, दोन तास लागले. माझ्या डोळ्यात थेंब घालायचे होते, ते मात्र तिच्या हातानं जमेना. शेजारची नववीतली मुलगी शाळेला जाताना आणि आल्यावर घालून जायची, आणि ही खाटेवरून तिला वेळ सांगायची.